पिकअपचे इंजिन : अ‍ॅव्हरेज, धूर आणि खेपेचे गणित



संत्र्याची तोडणी सुरू झाली की आपल्या तिगावातून, पांढुर्ण्याहून आणि सौंसरकडून नागपूरच्या कळमना बाजाराकडे पिकअप गाड्या धावू लागतात. संत्री असोत, कापूस असो की भाजीपाला, शेतातला माल बाजारात पोचवण्यात या गाड्यांचा मोठा वाटा असतो. पुष्कळ घरांत पिकअप ही मोठ्या कर्जाची खरेदी असते आणि तिचे हप्ते काही वर्षे पुरतात. त्यामुळे गाडी घेताना डिझेलची घ्यावी, पेट्रोलची की सीएनजीची, यावर घरात बरीच चर्चा होते. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे : डिझेल. आता ते तितके सोपे राहिलेले नाही. असे का झाले, ते या पाठात पाहू. विज्ञान तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातले आहे आणि गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

१. टेम्पोपासून छोट्या हाथीपर्यंत

मालाच्या छोट्या गाडीला आपण सरसकट 'टेम्पो' म्हणतो. टेम्पो हे मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीने त्या नावाच्या तीनचाकी गाड्या आपल्याकडे आणल्या आणि नाव मराठीत कायमचे रुळले. हीच कंपनी आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते.

मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने 'एस' ही पाऊण टन माल वाहणारी चारचाकी पुण्यात तयार करून बाजारात आणली. लोकांनी तिचे नाव 'छोटा हाथी' ठेवले. तिच्या इंजिनाची गोष्ट गमतीची आहे. टाटांच्या इंडिका मोटारीचे डिझेल इंजिन चार सिलिंडरचे व १४०५ घनसेंटिमीटरचे होते. ते जणू मधोमध कापून दोन सिलिंडरचे, सुमारे ७०२ घनसेंटिमीटरचे इंजिन बनवले गेले. ताकद फक्त १६ अश्वशक्ती, पण खर्च कमी आणि अ‍ॅव्हरेज चांगले. छोट्या गाडीलाही डिझेलच परवडते, असे त्या काळी सर्वांना वाटे. त्याला कारणही तसेच होते.

२. डिझेलचे अ‍ॅव्हरेज जास्त का?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण इंधनात आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६. म्हणजे लिटरमागे सुमारे आठवा हिस्सा ऊर्जा जास्त मिळते.

दुसरे कारण इंजिनात आहे. पेट्रोलचे इंजिन हवा व इंधन यांचे मिश्रण साधारण दहा पट दाबते आणि ठिणगीने पेटवते. डिझेलचे इंजिन नुसती हवा सोळा ते वीस पट दाबते. दाबामुळे हवा इतकी तापते की वरून फवारलेले डिझेल ठिणगीशिवायच पेटते. दाब जास्त असल्याने तेवढ्याच उष्णतेतून जास्त काम निघते. शिवाय हलक्या लोडवर पेट्रोलच्या इंजिनाला हवेची वाट अरुंद करावी लागते व त्यात ताकद वाया जाते. डिझेलमध्ये हे नुकसान फारसे होत नाही.

पण हाच गुण दोषही ठरतो. अतिशय तापलेल्या हवेत नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. जिथे डिझेलचे थेंब हवेत नीट मिसळत नाहीत तिथे काजळी तयार होते. ज्वलन थंड ठेवले तर ऑक्साइडे कमी होतात, पण काजळी वाढते. ज्वलन गरम ठेवले तर काजळी घटते, पण ऑक्साइडे वाढतात. डिझेल इंजिन बनवणाऱ्यांची सारी कसरत या दोन टोकांमध्ये चालते.

काजळीचे बारीक कण थेट फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. म्हणून धुरावर नियम लागतात.

३. नियम काय सांगतो?

भारतात २००० सालापासून 'भारत स्टेज' या मालिकेतले नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. डिझेलवर चालणाऱ्या सर्वांत हलक्या मालवाहू गाडीला एका किलोमीटरमागे किती प्रदूषण करण्याची मुभा आहे, ते पाहा :

बीएस-३ (देशभर २०१०) : नायट्रोजनची ऑक्साइडे ०.५० ग्रॅम, कण ०.०५ ग्रॅम
बीएस-४ (देशभर २०१७) : नायट्रोजनची ऑक्साइडे ०.२५ ग्रॅम, कण ०.०२५ ग्रॅम
बीएस-६ (देशभर १ एप्रिल २०२०) : नायट्रोजनची ऑक्साइडे ०.०८ ग्रॅम, कण ०.००४५ ग्रॅम

जड पिकअपला ऑक्साइडांची मर्यादा थोडी सैल आहे. बीएस-५ हा टप्पा सरकारने गाळला. एप्रिल २०२३ पासून प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या जोडीला प्रत्यक्ष रस्त्यावरचे मोजमापही नियमात आले. २०१५ साली फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या गाड्या चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर अस्वच्छ असल्याचे उघडकीस आले होते. रस्त्यावर मोजण्याची गरज त्यानंतर जगाला अधिकच पटली.

आता भागाकार करा. ०.५० भागिले ०.०८ म्हणजे सव्वासहा. ०.०५ भागिले ०.००४५ म्हणजे अकरा. एका बीएस-३ डिझेल गाडीला जितकी काजळी सोडण्याची मुभा होती, तितकीच अकरा बीएस-६ गाड्यांना मिळून आहे. हे नियम नव्या गाड्यांना लागू होतात. जुन्या गाड्या त्यांच्या जुन्या मर्यादेवरच चालत राहतात, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दुसरा नियम इंधन बचतीचा आहे. कंपनीच्या विकलेल्या सर्व गाड्यांची मिळून सरासरी काढायची आणि ती ठरलेल्या मर्यादेत ठेवायची, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून आहे. पण तो प्रवासी मोटारींचा आहे, मालवाहू पिकअपचा नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानंतर पिकअपसाठीही वेगळी सरासरी ठरवण्यात आली. तिथे फोर्ड कंपनीने २०११ च्या एफ-१५० या पिकअपमध्ये आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या जोडीला साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन दिले. लहान इंजिनात जास्त हवा कोंबून मोठ्या इंजिनाचे काम करून घेण्याची ही युक्ती होय.

४. धूर कसा अडवतात?

आधी इंधन स्वच्छ करावे लागले. डिझेलमधले गंधक धूर साफ करणाऱ्या रसायनाला निकामी करते. म्हणून दहा लाख भागांत गंधकाचे प्रमाण बीएस-३ डिझेलमध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये १० इतके खाली आणले गेले. नव्या गाडीत रॉकेल मिसळलेले डिझेल का घालू नये, याचे एक उत्तर इथेच मिळते.

काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी बसवतात. ती भरत आली की आतली काजळी सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सियस तापमानाला जाळून टाकावी लागते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग व वेगाने चालणे गरजेचे असते.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी दोन उपाय आहेत. एकात युरियाचे ३२.५ टक्के द्रावण धुरात फवारतात. त्यापासून अमोनिया तयार होतो आणि ऑक्साइडांचे रूपांतर साधा नायट्रोजन व पाणी यांत होते. दुसऱ्या उपायात लीन नॉक्स ट्रॅप हा सापळा ऑक्साइडे धरून ठेवतो आणि मधूनमधून थोडे जास्त डिझेल देऊन त्यांचा निकाल लावतो. पहिल्यात द्रावणाचा खर्च, तर दुसऱ्यात थोड्या इंधनाचा.

५. छोट्या गाडीचे इंजिन का बदलले?

नियमात 'डिझेल बनवू नका' असे कुठेही लिहिलेले नाही. किती धूर चालेल, एवढेच लिहिले आहे. पण गाळणी, सापळा, संगणक ही सामग्री लहान इंजिनालाही लागते आणि मोठ्यालाही. इंजिन निम्मे झाले म्हणून या सामग्रीची किंमत निम्मी होत नाही. दहा लाखांच्या गाडीला जो खर्च पेलतो, तो पाच लाखांच्या गाडीला जड जातो. म्हणून नियमाचा भार छोट्या डिझेल गाडीवर अधिक पडला.

परिणाम लगेच दिसला. मारुतीने २०१६ मध्ये सुपर कॅरी ही छोटी मालगाडी ७९३ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनासह आणली होती. बीएस-६ लागू होताच डिझेल बंद झाले आणि पेट्रोल व सीएनजी उरले. छोट्या हाथीलाही ६९४ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मिळाले, सीएनजी आले आणि २०२२ मध्ये विजेवरची गाडीही आली. २०२५ मध्ये टाटांनी एस गोल्ड प्लस ही डिझेलची नवी गाडी आणली. तिच्यात लीन नॉक्स ट्रॅप असल्याने युरियाचे द्रावण लागत नाही. म्हणजे डिझेल संपले नाही, पण आता त्याला प्रत्येक कामात स्वतःची उपयुक्तता सिद्ध करावी लागते. दीड टन व त्याहून अधिक माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये मात्र डिझेलचे स्थान बरेचसे टिकून आहे.

६. खेपेचे गणित

आता प्रत्यक्ष हिशेब करू. खालचे आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत. घरी करताना आपल्या गाडीचे खरे आकडे घाला.

मोठी पिकअप : माल १५०० किलो, अ‍ॅव्हरेज १२. छोटी गाडी : माल ७५० किलो, अ‍ॅव्हरेज १८. बाजार १०० किलोमीटर दूर आणि परत येताना गाडी रिकामी. दोन्ही गाड्या डिझेलच्या.

(अ) ३००० किलो संत्री न्यायची आहेत. मोठीच्या २ खेपा, ४०० किलोमीटर, सुमारे ३३ लिटर. छोटीच्या ४ खेपा, ८०० किलोमीटर, सुमारे ४४ लिटर. अ‍ॅव्हरेज कमी असूनही मोठी गाडी ११ लिटर वाचवते.

(आ) फक्त ६०० किलो भाजी न्यायची आहे. मोठीला सुमारे १७ लिटर, छोटीला सुमारे ११ लिटर. आता छोटी जिंकली.

तेव्हा नुसते अ‍ॅव्हरेज विचारू नका. एक टन माल बाजारात पोचवायला किती लिटर लागले, ते विचारा. पण म्हणून छोटीवर दुप्पट माल लादू नका. ब्रेक, टायर आणि इंजिन यांपैकी काहीच त्यासाठी बनवलेले नसते.

आता इंधनाची निवड. समजा, डिझेलची गाडी ६०,००० रुपयांनी महाग आहे आणि किलोमीटरमागे दीड रुपया वाचवते. ६०,००० भागिले १.५ म्हणजे ४०,००० किलोमीटर चालल्यावर जादा पैसे वसूल होतील. जी गाडी वर्षात २०० दिवस नागपूरला जाऊन येते, तिचे एका वर्षात ४०,००० किलोमीटर होतात. जी गाडी २५० दिवस शेत ते गाव अशी रोज ४० किलोमीटर फिरते, तिला चार वर्षे लागतील. शिवाय तुकड्यातुकड्याच्या फेऱ्यांत डीपीएफ पुरेशी तापत नाही व भरून जाते. जवळच्या फेऱ्यांना पेट्रोल किंवा सीएनजी, रोजच्या लांब पल्ल्याला आणि मुलताईच्या बाजूच्या चढावर भरल्या गाडीला डिझेल, असा साधारण आडाखा यातून निघतो.

सीएनजीचा पंप आपल्या वाटेवर आहे का आणि सिलिंडरच्या वजनामुळे माल किती कमी बसतो, हे आधी पाहावे. पेट्रोलमध्ये २०२५ पासून २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूलच ऊर्जा असल्याने अशा पेट्रोलची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरते. विजेच्या गाडीचा पल्लाही तपासावा. २०२२ च्या एस ईव्हीचा प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. जवळच्या कामाला तो पुरतो, पण नागपूरच्या २०० किलोमीटरच्या जाण्या-येण्यात वाटेत चार्जिंग करावेच लागेल.

७. पालकांसाठी आणि विश्वस्त मंडळींसाठी

ज्या गाडीला युरियाचे द्रावण लागते, तिच्यात पंपावर मिळणारे सीलबंद द्रावणच घालावे. खताचा युरिया पाण्यात विरघळवून कधीही घालू नये. त्याला निंबोळी तेलाचा लेप असतो आणि त्यात इतर अशुद्ध द्रव्येही असतात. फवारा व महागडी यंत्रणा त्याने खराब होते. गाळणीचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये, आणि गाळणी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये. गाळणी काढलेल्या गाडीची काजळी सर्वांत आधी आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जाते.

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी थांबणाऱ्या गाड्यांनी इंजिन बंद ठेवावे, अशी पाटी लावावी ही विश्वस्तांना विनंती. मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीचा करार करताना ती कोणत्या टप्प्याची आहे आणि तिचे धूर तपासणीचे प्रमाणपत्र चालू आहे का, या दोन गोष्टी पाहिल्या जाव्यात. यासाठी वेगळा खर्च येत नाही.

स्वाध्याय

१. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १६ अ‍ॅव्हरेजची गाडी एका किलोमीटरला किती ग्रॅम सोडेल?
२. वरील दोन गाड्यांनी ४५०० किलो माल नेला तर प्रत्येकी किती लिटर डिझेल लागेल?
३. परतीच्या खेपेत खत किंवा किराणा आणला तर टनामागचा खर्च का घटतो? पाच ओळींत लिहा.
४. घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे नोंदणीपत्र पाहून ती कोणत्या टप्प्याची आहे ते नोंदवा. वर्गात मिळून तक्ता करा. मालकाचे नाव लिहू नका.

उत्तरे : (१) सुमारे १६८ ग्रॅम. (२) मोठीला ५० लिटर, छोटीला सुमारे ६७ लिटर.