पाणी उडतं, मीठ राहतं

मासे कुठले घ्यायचे, दिवे कुठले लावायचे हे दुकानदार सांगेल, जरा जास्तच सांगेल. मामाचं एवढं ऐक : खाऱ्या टँकमधून रोज पाणी उडतं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायचं, खारं नाही. नवी मंडळी नेमकी इथेच फसतात. पातळी उतरली की खारं पाणी ओततात आणि बघता बघता घरात मिठागर तयार होतं.

हिशेब करून बघ. २०० लिटरच्या टँकमधून उन्हाळ्यात चार दिवसांत १२ लिटर पाणी उडालं असं धर. समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५ पीपीटी. तुझ्या टँकमध्ये तो आकडा एव्हाना ३७ च्या वर गेलेला असेल. क्लाउनफिश कदाचित निभावून नेईल, कारण समुद्रातला मासा खारं पाणी पिऊन जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. तारामाशाला आणि प्रवाळाला ते जमत नाही. बाहेर जेवढं खारट, तेवढंच आत. तेव्हा ३४ ठेव की ३५, माझी तक्रार नाही. सोमवारी ३३ आणि शुक्रवारी ३७ असं मात्र नको. चढलेला आकडा उतरवतानाही दिवसाला एक पीपीटीच्या आतच राहा.

पातळी बघायची ती संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या टाकीत, पंपाच्या कप्प्यात. वरच्या टँकचं पाणी ओव्हरफ्लोमुळे तेवढंच दिसत राहतं आणि माणूस निर्धास्त होतो. काचेवर चिकटपट्टीने खूण कर, पण पंप चालू असताना. लाइट गेली की वरचं पाणी खाली उतरतं आणि संप उगाच भरलेला वाटतो.

सकाळी एक तांब्या ओतायचा अशी सवय लावून घेऊ नकोस. मे महिन्यात टँकवर पंखा लावलास, खोलीत एसी चालवलास की पाणी भराभर उडेल. जुलैच्या दमट हवेत तेवढं लागणारच नाही. खूण सांगेल तेवढंच घाल. फ्लोटवर चालणारं टॉप-अप लावणार असशील तर त्याची टाकी लहान घे. फ्लोट अडकला तर बादलीभर गोडं पाणी टँकमध्ये जाईल, पिंपभर जाणार नाही.

साधं पाणी म्हणजे नळाचं नव्हे. नेरुळला येणारं मोरबे धरणाचं पाणी आपल्याला चांगलं. पण त्यात क्लोरीन असतं, आणि त्यातले क्षारही पाणी उडाल्यावर मागेच साठतात. आरओ-डीआय फिल्टरचं, क्षार काढलेलं पाणी घे. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं नको, चवीसाठी त्यातले बरेचसे क्षार परत मिसळतात. आणि पाम बीच रोडपलीकडे खाडी आहे म्हणून कॅन घेऊन जाऊ नकोस. पावसाळ्यात ठाणे खाडीचं पाणी पार गोडसर होतं, शिवाय शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण आहेच. तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उभं राहिलं, त्याच्या दारात समुद्र होता. तुझ्या दारात खाडी आहे.

सॉल्ट मिक्सचा डबा पावसात घट्ट बंद ठेव. ओल धरलेलं मीठ वजनाला जास्त भरतं. ग्रॅम मोजून टाकलेस तरी पाणी अळणी होतं. म्हणून तराजूवर नको, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर भरवसा ठेव, आणि तोही ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर तपासून घेत जा. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य जुळलं म्हणजे ३५ बरोबर दाखवेलच असं नाही. पाणी बदलताना नवं पाणी आदल्या दिवशी कालवून, पंपाने हलतं ठेवून, टँकइतकंच खारट आणि तेवढंच कोमट झालं की मगच घाल. आकडा हळूहळू उतरत असेल तर फेसावाटे घाण काढणाऱ्या स्किमरचा कप बघ. त्यात पातळ पाणी भरत असेल तर मीठ तिथून चाललंय, आणि त्या जागी तू साधं पाणी घालते आहेस.

गणपतीला कोकणात जाशील तेव्हा साध्या पाण्याच्या बाटल्या रोजच्या मापाने भरून, त्यांवर तारखा घालून शेजारच्या काकूंकडे दे. काकू हौशी आहेत, मीठ कपाटात कुलपात ठेव.