दिवाळीआधी धुराला वाट द्या

दसरा झाला की दिवाळी वीस दिवसांवर येते. घरोघर गडबड सुरू होते. भिंती सारवायच्या. चुना द्यायचा. डबे घासून उन्हात घालायचे. भाजणी दळून आणायची. बाईमाणसाला बसायला सवड नसते.

दर वर्षी आपण स्वयंपाकघराची भिंत पांढरी करतो. थोड्याच महिन्यांत ती पुन्हा काळी होते. कशाने? चुलीच्या धुराने. भिंतीला पुन्हा चुना देता येतो. पण चुलीपुढे बसणारी बाई तोच धूर रोज छातीत घेते. तिथे चुना कसा देणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. यंदा आधी धुराला वाट करा. मग चुना द्या.

धूर काय करतो?

धुराने डोळे चुरचुरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. तो छातीत बसतो. खोकला जडतो. पुढे दम लागतो. आईच्या मांडीवरचे मूलही तोच धूर घेते. त्याला न्यूमोनिया होण्याची भीती वाढते. पोटुशी बाई धुरात राहिली, तर मूल कमी वजनाचे होऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने याचा अंदाज काढला आहे. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाखांहून जास्त मुले होती.

घरातली म्हातारी म्हणते, "आमचा सारा जन्म धुरात गेला. आम्हाला काय झालं?" आजीबाई, राग मानू नका. चार पायऱ्या चढलं की तुम्हाला धाप लागते. रात्री खोकल्याची ढास लागते. हे सारे वयानेच झाले असेल का? सुनेच्या वाट्याला तरी ते येऊ नये.

धुराला वाट कशी करावी?

गरम धूर वर जातो. वर वाट मिळाली नाही, तर तो घरात कोंडतो. म्हणून चुलीजवळच्या बाहेरच्या भिंतीत, छपराच्या खाली, जितके उंच जमेल तितके उंच भोक पाडा. ते एक हात रुंद आणि एक वीत उंच असावे. बाहेरून त्यावर पत्र्याची लहान पडवी काढा, म्हणजे पाऊस आत येणार नाही. जाळी मारा, म्हणजे उंदीर येणार नाहीत. धाब्याच्या घराला सवणे असते. ते बुजले असेल तर मोकळे करा. स्वयंपाक चालू असताना दार उघडे ठेवा. खालून ताजी हवा आली, की धूर वरून निघून जातो.

हे काम घरधन्याने करावे. पहार घरात असतेच. सकाळी हात घातला, तर दिवस मावळायच्या आत काम उरकते. पैसाही फारसा लागत नाही.

धुराडे असलेली चूल याहून चांगली. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योगाचे काम सुरू झाले. बिनधुराची 'मगन चूल' त्याच कामातून पुढे आली. तिचा धूर नळातून छपरावर जातो. अशी चूल जाणत्या माणसाकडून बसवून घ्या. धुराड्याचा नळ गवताच्या छपराला चिकटता कामा नये. नळात काजळी साचते. ती वेळोवेळी काढा, नाहीतर तीच पेट घेते.

चूल नवी घालणार असाल, तर दसरा होताच घाला. मातीत शेण आणि बारीक भुसा कालवा, म्हणजे तडे कमी पडतात. चूल सावलीत पुरती वाळू द्या. ओल्या चुलीवर कढई चढवू नका.

जळणही आताच पाहा. ओले लाकूड आधी आपले पाणी आटवते, मग जळते. तोवर ते नुसते धुमसते. लाकडे बारीक फोडा. उन्हात वाळवून आडोशाला रचा. चुलीत एकदम कोंबू नका. प्लॅस्टिक आणि रबर कधीही जाळू नका. तो धूर फार वाईट.

मग साफसफाई

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो. त्याआधी तिला काम द्या. धान्य आणि पाणी झाकून ठेवा. नाकातोंडाला फडके बांधा. आधी आढ्याची जळमटे आणि काजळी काढा. मग भिंती, मग फडताळ, शेवटी जमीन. खालून सुरुवात केली, तर काम दोनदा होते.

चुनकळी भिजवली की पाणी उकळते. तेव्हा मुलांना लांब ठेवा. चुना डोळ्यांत गेला, तर डोळा भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

गॅस असेल तर

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तिच्यामुळे पुष्कळ गरीब घरांत गॅस आला. गॅसने धूर टळतो. पण एक गोष्ट ध्यानात धरा. धूर वर जातो, हा गॅस मात्र खाली बसतो. टाकी उभी ठेवा. शेगडी टाकीपेक्षा उंच ओट्यावर ठेवा. रबराची नळी जुनी झाली असेल, तर फराळाआधी बदला. वास आला, तर काडी ओढू नका. दिव्याचे बटण दाबू नका. टाकीचे बटण बंद करा. दारे-खिडक्या उघडा. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

कढई चढवताना

चकली, शेव, करंजी तळायला तास न् तास लागतात. कढई भक्कम बसवा. डुगडुगत असेल तर तळण सुरू करू नका. पदर खोचून घ्या. सुती लुगडे नेसा. नायलॉन वितळते आणि अंगाला चिकटते. रांगते मूल कुणाच्या तरी हवाली करा. फटाके स्वयंपाकघरात ठेवू नका. दोघी-तिघींनी पाळीपाळीने तळावे, म्हणजे एकटीलाच झळ सोसावी लागत नाही.

तेलाने पेट घेतला, तर पाणी ओतू नका. पाणी तेलाच्या तळाशी जाते, त्याची वाफ होते आणि जळते तेल उसळते. जाळ ओढून घ्या किंवा गॅस बंद करा. कढईवर मोठे झाकण किंवा परात सरकवा. कढई उचलून पळू नका.

कुणी भाजले, तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडा. बांगड्या लगेच काढा. हळद, शाई, दंतमंजन काही लावू नका. भाजणे मोठे असेल, तर १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा.

दिवाळीचा फराळ सारे घर खाते. तो करणारीही सणाच्या दिवशी खोकत बसू नये. तिला धडपणी चार घास खाता आले, तरच सण साजरा झाला.

सांगा पाहू

१. भिंतीतले भोक उंचावर का पाडावे?
२. ओल्या लाकडाचा धूर जास्त का होतो?
३. जळत्या तेलावर पाणी का ओतू नये?
४. तुमच्या घरी धूर कोठून बाहेर जातो? दोन ओळी लिहा.

हिशेब करा

एका घरी रोज ३ तास चूल पेटते. घरातली बाई ३० दिवसांत किती तास धुरात बसते? वर्षाच्या १२ महिन्यांत किती? उत्तर मोठ्याने वाचा. घरातल्या सगळ्यांना ऐकू द्या.