खिडकी विकू नका, थंडावा विका! पेण-रोह्यातल्या नव्या उद्योजकांसाठी एक धडा



व्हिडिओमध्ये आपण खिडक्यांच्या धंद्याची ओळख करून घेतली. आता वही-पेन घ्या, कारण इथे थोडं गणित आहे. अ‍ॅल्युमिनियम फॅब्रिकेशन किंवा यूपीव्हीसी खिडक्यांची डीलरशिप घ्यायचा विचार असेल, तर हे गणित तुम्हाला आलंच पाहिजे. दुकान कोणीही टाकतो, पण गिऱ्हाईकाला योग्य खिडकी सांगणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

१. ऊन आधी, काच नंतर

कंपनीचा माणूस तुम्हाला सांगेल, "डबल ग्लास विका, मार्जिन चांगलं आहे." थांबा. एक उदाहरण करून बघू.

पश्चिमेची ४ बाय ४ फुटांची खिडकी, म्हणजे साधारण दीड चौरस मीटर. दुपारचं ऊन तिच्यावर ५०० वॅट प्रति चौरस मीटर पडतं असं धरा. साधी काच त्यातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते. म्हणजे ६०० वॅट! खोलीत छोटी शेगडी पेटवल्यासारखंच झालं. ऊन अडवणारी ४० टक्क्यांची काच बसवली, तर ३०० वॅट. वाचले ३०० वॅट.

आता डबल ग्लास. बाहेर ३५ अंश, एसीमुळे आत २६ अंश. फरक ९ अंशांचा. साध्या एकेरी काचेतून या फरकामुळे सुमारे ७७ वॅट आत येतात, साध्या दुहेरी काचेतून ३८. वाचले फक्त ३९ वॅट.

म्हणजे आपल्याकडे खरा शत्रू ऊन आहे. युरोपात बाहेर बर्फ आणि आत हीटर, तिथे फरक २०-२५ अंशांचा असतो, म्हणून तिथे डबल ग्लास लागतेच. पेणमध्ये आधी छज्जा, बाहेरून चिक किंवा झडप, मग ऊन अडवणारी काच, आणि शेवटी डबल ग्लास. बाहेरची सावली सगळ्यात स्वस्त, कारण ऊन काचेला लागायच्या आधीच अडतं.

२. खिडकी किती उघडते?

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. त्यात उष्ण-दमट हवामानासाठी, म्हणजे आपल्या कोकणासारख्या भागासाठी, उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावं असं म्हटलं आहे.

१२ बाय १० ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. एक षष्ठांश झाले २० चौरस फूट. पण ४ बाय ४ ची दोन ट्रॅकची स्लायडिंग अर्धीच उघडते, म्हणजे फक्त ८ चौरस फूट! तीच खिडकी झडपांची केली तर सुमारे १४. समोरच्या भिंतीत आणखी एक खिडकी दिली, तर वारा आरपार जातो. ज्या घरात एसी नाही, तिथे हाच खरा उपाय. तिथे डबल ग्लास विकली तर खिडकी उघडी ठेवूनच माणूस झोपणार आणि त्याचे कष्टाचे पैसे वाया जाणार.

३. पाऊस तुमची परीक्षा घेणार

कोकणातला पाऊस आडवा येतो. म्हणून या चार गोष्टी चुकवू नका:

- खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायची भोकं, आणि ती सिमेंटने बुजलेली नसावीत.
- दगडी पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार.
- चौकट आणि भिंत यांतली फट नीट भरून वर चांगलं सिलिकॉन.
- खाडीकडच्या गावांत खारी हवा असते, तिथे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच.

बिल घेण्याआधी गिऱ्हाईकासमोर पाइपने पाणी मारून दाखवा. चाकरमान्यांची घरं महिनोन्‌महिने बंद असतात. गणपतीला दार उघडल्यावर भिंत ओली दिसली, तर तुमचं नाव अख्ख्या वाडीत होणार!

४. मग डबल ग्लास कोणाला?

ज्याच्याकडे एसी बराच वेळ चालतो त्याला, किंवा ज्याचं घर मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे त्याला. बरोबर रबर गॅस्केट आणि घट्ट बसणारी झडप असेल, तर गाड्यांचा आवाज कमी होतो. तिथे आवाजाच्या नावाने विका. "वीजबिल निम्मं होईल" असं कधीच सांगू नका. वरच्या उदाहरणातले ३०० वॅट रोज चार तास वाचले, तर एसीची वीज वाचते जेमतेम ०.४ युनिट. शंभर दिवसांचे ४० युनिट. हा आकडा स्वतःहून सांगा. खरं सांगणाऱ्यावर गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो.

५. सुरुवात कशी कराल?

लगेच मशीन घेऊ नका. आधी माप, सल्ला आणि फिटिंग शिका, माल तयार फॅब्रिकेटरकडून करून घ्या. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. पुढे युनिट टाकायचं ठरलं, तर पीएमईजीपी योजनेची चौकशी अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात करा.

आजचा गृहपाठ: ओळखीच्या पाच घरांत जा, पेणमध्ये असोत की रोह्यात. प्रत्येक खिडकीची दिशा, माप, उघडणारा भाग, छज्जा आणि ओल लिहून आणा. एसी आहे का तेही विचारा. मग प्रत्येक घराला सगळ्यात कमी खर्चाचा एक उपाय सुचवा. त्यात विक्री झाली नाही तरी चालेल. ही पाच घरंच तुमचा पहिला बाजार आहेत.