सुट्टीचा प्रवास आणि आकाशातली वीज

परीक्षा संपल्या, निकाल लागले, की घरोघरी सुट्टीचे बेत सुरू होतात. कुणी मामाच्या गावाला जातात, कुणी कोकणात समुद्रावर, कुणी एखाद्या गडावर, तर कुणी कुलदैवताच्या दर्शनाला. प्रवासात पाणी कोणते प्यावे, उन्हापासून मुलांना कसे जपावे, गाडी लागू नये म्हणून काय करावे, हे प्रश्न वाचक नेहमी विचारतात. आकाशातल्या विजेबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. वास्तविक आपल्याकडे सुट्टीचा काळ आणि विजेचा काळ बराचसा एकच आहे. एप्रिल, मे आणि जूनची सुरुवात हे वळवाचे दिवस. पुढे दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस परतू लागतो, तेव्हाही विजा कडाडतात. ऐन आषाढ-श्रावणातल्या झडीपेक्षा या दोन टोकांच्या पावसातच विजेचे भय अधिक असते.

हे भय किती खरे आहे, ते आकड्यांवरून कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. त्यांत शेतात काम करणारे अधिक असतात हे खरे, परंतु सहलीला गेलेल्यांनाही वीज सोडत नाही. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर पावसाची मजा घेण्यासाठी लोक जमले होते. तेथे वीज पडून अकरा जणांचा मृत्यू झाला. त्यांची चूक एवढीच, की ते नको त्या वेळी उंच जागी उभे होते.

वीज माणसाला कशी गाठते?

विजेच्या एका लोळात साधारण तीस हजार अँपिअर इतका प्रवाह असू शकतो. घरातल्या इस्त्रीला चार-पाच अँपिअर पुरतात, यावरून तिची ताकद लक्षात यावी. मात्र हा प्रवाह सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरताच टिकतो आणि पुष्कळदा शरीराच्या आत खोलवर न शिरता त्वचेवरून वाहून जातो. म्हणूनच वीज लागलेली सगळीच माणसे मरत नाहीत. पुष्कळजण वाचतात आणि वेळेवर मदत मिळाली तर आणखी वाचू शकतात.

वीज थेट डोक्यावर पडते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात असे थोड्यांच्या बाबतीत घडते. झाडावर पडलेली वीज खोडावरून खाली येताना मध्येच शेजारच्या माणसावर उडी घेते. कुंपणाच्या तारेला, लोखंडी कठड्याला किंवा नळाला हात लागलेला असेल तर ती त्यातून येते. सर्वांत जास्त माणसे मात्र जमिनीतून येणाऱ्या प्रवाहाने सापडतात. वीज पडलेल्या जागेपासून प्रवाह जमिनीत चहूकडे पसरतो. तो एका पायातून वर चढतो व दुसऱ्या पायातून उतरतो. पायांतले अंतर जितके जास्त, तितका धक्का मोठा. गाई-म्हशींच्या पुढच्या व मागच्या पायांत बरेच अंतर असते, म्हणून एका झाडाखाली उभी असलेली सारी गुरे एकदम दगावतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. झाडाखाली थांबणे म्हणजे विजेच्या वाटेत थांबणे, आणि उघड्यावर जमिनीवर आडवे पडणे हेही धोक्याचेच.

आत केव्हा जावे?

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजेच आपण तिच्या टप्प्यात आहोत. वादळी ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर, पाऊस नसलेल्या ठिकाणीही वीज पडू शकते. तेव्हा "अजून पाऊस कुठे आलाय" म्हणून थांबू नये. मुलांना मोजमाप जमत नसेल तर एवढेच शिकवावे, की गडगडाट ऐकू आला की खेळ बंद आणि घरात पळायचे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पूर्ण अर्धा तास जाईपर्यंत बाहेर पडू नये. पाऊस थांबल्याबरोबर घाईने बाहेर पडणारेही विजेला सापडतात.

मे महिन्यातली एक गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. वळवाचा वारा सुटला की आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडतो आणि गावातली सारी मुले टोपल्या घेऊन झाडाखाली धावतात. शहरातून आलेल्या पाहुण्या मुलांना तर त्याचे फारच अप्रूप. पण वारा, काळे ढग आणि उंच झाड हे तिन्ही एकत्र येण्याची हीच वेळ असते. कैऱ्या तासाभराने वेचल्या तरी चालतील, हे आजी-आजोबांनी मुलांना आधीच बजावून ठेवावे.

निवारा कोणता चांगला?

पक्के, चारी बाजूंनी बंद घर सर्वांत उत्तम. ओटा, पडवी, गच्ची आणि सज्जा यांना घरात धरू नये. शेतातली खोप, माळा, चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, बागेतली छत्री आणि तंबू यांत पावसापासून आडोसा मिळतो, विजेपासून मिळत नाही.

घर जवळ नसेल तर पत्र्याचे छप्पर असलेली बंद मोटार किंवा एस. टी. बस चांगली. काचा वर कराव्यात आणि आतल्या धातूच्या भागांना हात लावू नये. मोटारीत माणूस वाचतो तो रबरी टायरमुळे नव्हे. वीज गाडीच्या धातूच्या अंगावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, म्हणून तो वाचतो. त्यामुळे मोटारसायकल, रिक्षा, उघडी जीप व ट्रॅक्टर यांचा उपयोग नाही. दुचाकीवर असाल तर जवळच्या घरात किंवा दुकानात थांबावे, रस्त्याकडेच्या झाडाखाली नव्हे.

घरात असताना कडाडणे चालू असेपर्यंत आंघोळ, भांडी व धुणे थांबवावे, कारण नळाच्या लोखंडी पाइपांतून प्रवाह येऊ शकतो. दूरदर्शन संच, फ्रीज, संगणक यांचे प्लग ढग भरून येतानाच काढून ठेवावेत. विजा सुरू झाल्यावर त्यांना हात लावू नये. चार्जरला जोडलेला मोबाइल आणि तारेचा टेलिफोन वापरू नये. खिडकी-दारापासून दूर बसावे आणि सिमेंटच्या भिंतीला टेकून बसू नये, कारण तिच्या आत लोखंडी सळ्या असतात.

गडावर, समुद्रावर

गडावर जाणाऱ्यांनी चढाई पहाटे सुरू करून दुपारच्या आत उतरावे, कारण वळवाचे ढग बहुधा दुपारनंतर जमतात. ढग दिसताच बुरूज, माथा, कडा आणि ध्वजस्तंभ सोडून खाली यावे. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. अशा शिड्या, साखळ्या आणि कठडे यांच्यापासून विजेच्या वेळी लांब राहावे. कपारीच्या तोंडाशी किंवा उथळ गुहेत बसू नये.

समुद्र, धरण, नदी किंवा विहीर, कोठेही पोहत असाल तर पहिल्या गडगडाटालाच बाहेर यावे. मोकळ्या किनाऱ्यावर उभा असलेला माणूसच सर्वांत उंच वस्तू ठरतो. नौकाविहार तर मुळीच नको.

काहीच निवारा नसेल तर उंच जागा, एकटे झाड, पाणी आणि तारांचे कुंपण यांच्यापासून दूर जावे. कुटुंबातील मंडळींनी घोळका न करता एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर अंतर ठेवावे, म्हणजे एकाला लागली तर मदतीला दुसरा उरतो. लहान मुलाला मात्र एकटे सोडू नये, कडेवर घ्यावे. अंगावरचे केस उभे राहू लागले किंवा त्वचेला मुंग्या आल्या तर वीज अगदी जवळ आहे असे समजावे. अशा वेळी पाय जुळवून उकिडवे बसावे, डोके गुडघ्यांत घालावे, कान झाकावेत, आडवे पडू नये. हा निव्वळ नाइलाजाचा उपाय आहे. पळत जाऊन पक्के घर गाठता येत असेल तर तेच करावे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइल ॲप तयार केले आहे. आपण आहोत त्या जागेच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजेची सूचना त्यावर मिळते. प्रवासाला निघण्यापूर्वी घरातल्या एकाने तरी ते घेऊन ठेवावे.

वीज लागलेल्या माणसाला प्रथमोपचार

हा भाग प्रत्येकाने नीट वाचावा, कारण येथे काही मिनिटांतच निकाल लागतो. विजेच्या धक्क्याने हृदय क्षणभर बंद पडते. पुष्कळदा ते आपोआप पुन्हा सुरूही होते. परंतु मेंदूतील श्वासाचे केंद्र सावरायला जास्त वेळ घेते. या मधल्या काळात श्वास दिला नाही तर प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा बंद पडते, आणि मग ते सुरू करणे कठीण होते. सोप्या शब्दांत, मेल्यासारखा दिसणारा माणूस पुष्कळदा अजून मेलेला नसतो.

अपघाताच्या जागी मात्र उलटे घडते. जो ओरडतो, रडतो, त्याच्याभोवती गर्दी होते आणि निपचित पडलेल्याला "गेला" म्हणून बाजूला ठेवतात. वाचकहो, विजेच्या बाबतीत हा क्रम बदलायला हवा. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, तो थोडा थांबू शकतो. निपचित पडलेल्याकडे आधी धावावे. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या तरी तो मेला असे ठरवू नये.

१) वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला ताबडतोब हात लावता येतो. मात्र विजेची तुटलेली तार अंगावर पडली असेल तर ती गोष्ट वेगळी. तेथे आधी पुरवठा बंद करावा.

२) विजा चालूच असतील तर स्वतःला सांभाळून रुग्णाला शक्य तेवढ्या सुरक्षित जागी न्यावे.

३) हाक मारावी, खांदे हलवावेत. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा माणूस नुसते आचके देत आहे, तर एकाला १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगून आपण काम सुरू करावे.

४) रुग्णाला उताणे निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवावेत. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छाती पाच-सहा सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने तीस वेळा दाबावे. मग डोके मागे कलवून, नाक चिमटीत धरून, तोंडाने दोन श्वास द्यावेत. पुन्हा तीस दाब. लहान मुलाला एका हाताने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश दबेल इतपत दाबावे.

५) रुग्ण श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. माणसे असतील तर आळीपाळीने करावे.

६) श्वास चालू असून शुद्ध नसेल तर कुशीवर वळवावे. तोंडात पाणी, चहा काहीही घालू नये.

काही भागांत वीज लागलेल्याला शेणात किंवा मातीत पुरून ठेवतात. त्याने काडीचाही फायदा होत नाही आणि जीव वाचवायची मोलाची मिनिटे मात्र वाया जातात.

काही रुग्णांचे पाय किंवा हात लुळे पडतात, गार व निळसर होतात, नाडीही लागत नाही. अर्धांगवायू झाला म्हणून घरची माणसे हवालदिल होतात. विजेने येणारा हा लुळेपणा बहुधा काही तासांत उतरतो, पण तो तोच आहे की मणक्याची इजा, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. काहींच्या अंगावर नेच्याच्या पानासारखी लालसर नक्षी उमटते. तीही आपोआप जाते.

वीज लागून माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. हृदयाचा आलेख काढावा लागतो. कानाचा पडदा फाटलेला असू शकतो. डोळ्यांत मोतीबिंदू काही महिन्यांनीही होऊ शकतो. विसराळूपणा, निद्रानाश, भीती यांचा त्रास बरेच दिवस राहतो. स्त्री गरोदर असेल तर तिला काही वाटत नसले तरी पोटातल्या बाळाची तपासणी झालीच पाहिजे.

काही गैरसमज

पायाळू माणसावर वीज पडते, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. जन्माच्या वेळी बाळाचे पाय आधी बाहेर आले, एवढाच त्याचा अर्थ. विजेला ते कळण्याचा काही मार्ग नाही. या समजुतीने पायाळू मुले उगाच भेदरतात आणि इतर मुले उगाच निर्धास्त राहतात. दुसरे नुकसान जास्त मोठे आहे.

रबरी चप्पल घातली की वीज लागत नाही, हेही खोटे. जी वीज काही किलोमीटर हवा भेदून येते, तिला बोटभर रबर काय अडवणार? एकदा पडली तिथे वीज पुन्हा पडत नाही, हाही भ्रम. अमेरिकेतील रॉय सुलिव्हन या वनरक्षकाला १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा वीज लागली होती. अंगावरचे दागिने वीज ओढून घेत नाहीत. त्यांच्याखाली चटका बसू शकतो इतकेच. तेव्हा उघड्यावर मंगळसूत्र, बांगड्या काढत बसण्यात वेळ घालवू नये, आधी निवारा गाठावा.

सुट्टीचे सामान बांधताना औषधांच्या डब्याबरोबर या चार गोष्टी घरातल्या सर्वांना सांगून ठेवाव्यात: गडगडाट ऐकताच आत जावे, झाडाखाली थांबू नये, अर्धा तास झाल्याशिवाय बाहेर पडू नये, आणि कुणाला वीज लागलीच तर निपचित असेल त्याच्याकडे आधी धावावे. छातीवर दाब व कृत्रिम श्वास देण्याची पद्धत जवळच्या डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावी. पंधरा मिनिटांत ती समजते.

आपला प्रवास सुखाचा होवो.