मृगाच्या आत घर आवरताना

वैशाखात वणीतल्या गच्च्यांवर कुरडया वाळत असतात, शेतातला उन्हाळ कांदा चाळीत येऊन पडत असतो, आणि दुपार कलली की सप्तशृंगाच्या डोंगराकडे ढग उभे राहू लागतात. घराच्या बंदोबस्ताची वेळ हीच. अक्षय तृतीयेला सुरुवात केली आणि मृग निघायच्या आत, म्हणजे ७ जूनपर्यंत, कामं उरकली तर बरंच निभावतं.

आपल्याकडे आपत्ती येते ती कोणत्या रूपानं, ते आधी मनात पक्कं करावं. वीज पडते, अवकाळीबरोबर वावटळ येऊन पत्रे उडतात, गारपीट होते. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारांनी नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात उभ्या बागा झोडपल्या. समुद्र लांब म्हणून वादळ लांब, हेही खरं नाही: ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलेलं ‘निसर्ग’ त्याच रात्री नाशिक जिल्ह्यापर्यंत येऊन पोचलं होतं. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यात, विशेषतः कळवणच्या दळवट परिसरात, अधूनमधून जमिनीला हलके हादरे बसतात. पावसाळ्यात नाले चढतात, घाट बंद पडतात, घरात साप निघतो.

या सगळ्यात माणूस दगावतो तो बऱ्याचदा घरात बसलेला नसतो. उघड्यावरच्या कांद्यावर ताडपत्री टाकायला, झाडाखाली बांधलेली गाय सोडायला, मोटार बंद करायला किंवा दोरीवरचे कपडे काढायला तो धावत बाहेर गेलेला असतो. म्हणून खालच्या बऱ्याच कामांमागे एकच हेतू धरला आहे: ढग गडगडू लागल्यावर घरातल्या कुणालाही बाहेर पडायचं कारण उरू नये.

पहिलं काम छपराचं. शिडी लावून वर चढा किंवा पत्रे बसवणाऱ्या कारागिराला बोलवा. वारा पत्र्याच्या मधोमध जोर करत नाही, तो वळचणीखालून आत शिरतो आणि पत्रा उचलतो. म्हणून कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळीत हूक जवळजवळ हवेत. गंजलेले हूक, फाटलेले वायसर बदला. पत्र्यावर दगड, जुने टायर, विटा ठेवायची पद्धत सर्रास आहे. ते सगळं खाली उतरवा. वाऱ्यानं पत्रा हलला किंवा जमीन हादरली की तेच दगड ओट्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात येतात. पत्रा धरून ठेवायचं काम हुकांचं आणि वाशांना आवळलेल्या तारेचं. पन्हळी साफ करा, घरावर आलेल्या फांद्या छाटा. विजेच्या तारेला लागलेली फांदी मात्र स्वतः तोडू नका, वायरमनला सांगा.

मग भिंती. जुन्या वाड्यांच्या आणि शेतातल्या घरांच्या मातीच्या भिंतीला पाणी लागलं की ती पायातून खचते. पावसाचं पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार करून घ्या. भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग गेली असेल, तर त्या भिंतीशेजारी कुणालाही झोपवू नका, मग खोलीची कितीही अडचण होवो. लाकडी खांबाच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. तो आत रुतला तर वाळवीनं खांब पोखरला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली ती झोपेत, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदाखाली. आपल्याकडचे हादरे त्या मानानं फार लहान आहेत, पण उशाशी काय आहे ते बघायला तेवढं कारण पुरे. माळ्यावरचा पाटा-वरवंटा, पितळी हंडे, जुन्या ट्रंका खाली आणा. लोखंडी कपाट आणि मांडणी भिंतीला पट्टीनं ठोकून घ्या. पलंगावरच्या भिंतीत फळी नको, जड फोटोही नको.

तिसरं काम विजेचं, आणि इथं पैसे खर्च करायला मागेपुढे पाहू नये. घराच्या अर्थिंगची तपासणी करून घ्या. मीटरजवळ गळती होताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी नसेल तर बसवा. आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार आजच काढून टाका. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात कुठंतरी वायर सोलवटते, पत्र्यात प्रवाह उतरतो, पत्र्यातून तारेत, आणि ओला कपडा टाकणाऱ्या बाईला धक्का बसतो. एकाला सोडवायला दुसरा धावतो, तोही चिकटतो. दहा-वीस रुपयांची नायलॉनची दोरी लावली की हा धोका संपतो. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर उघड्या खांबावर असेल तर त्याला झाकणाची पेटी करा आणि उभं राहायला कोरडी लाकडी फळी ठेवा. घरात सगळ्यांना, दहा वर्षांच्या मुलालाही, मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करता आला पाहिजे. रबरी नळीवरची मुदत वाचा. संपली असेल तर बदला.

चौथं काम उघड्यावरच्या मालाचं. चाळीत जागा नसल्यामुळं कांदा अंगणात किंवा शेतात पोळ घालून पडलेला असतो. त्यावर ताडपत्री रोज दुपारी दोनच्या आत टाकायची, आभाळ स्वच्छ असलं तरी. कडेला मातीच्या गोण्या किंवा खुंट्या लावून ठेवायच्या. जनावरांची दावणही आत्ताच हलवा: एकट्या मोठ्या झाडाखाली, लोखंडी खांबाला किंवा तारेच्या कुंपणाला जनावर बांधायचं नाही. गोठा नसेल तर घराच्या आधारानं छप्पर उभारा. वळवाच्या दिवसांत संध्याकाळची धार काढायची वेळ आणि विजांची वेळ नेमकी एक येते, तेव्हा गाय तीनच्या सुमारास आत आलेली बरी.

द्राक्षबागेविषयी वेगळं सांगायला हवं. बागेचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि एकरभर पसरलेल्या तारा. एका टोकाला वीज पडली तर तारेतून ती दुसऱ्या टोकाच्या माणसापर्यंत पोचू शकते. छाटणीला, विरळणीला मजूर आलेले असतात, त्यांना थांबवायचा अधिकार बागाईतदाराचा आणि जबाबदारीही त्याचीच. बागेत मजूर लावण्याआधी जवळचं पक्कं घर कोणतं, ते त्यांना दाखवून ठेवा. पत्र्याचं उघडं शेड, झाडाखालचं खोपटं, ट्रॅक्टर ही आसऱ्याची ठिकाणं नव्हेत. काचा लावलेली, वरून पक्कं छप्पर असलेली गाडी चालते. मोबाईलमध्ये पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं काढलेलं ‘दामिनी’ हे ॲप घ्या. आसपास कुठं वीज पडते आहे ते त्यात दिसतं. रेंज नसेल तर मोजा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले तर ती साधारण एक किलोमीटरवर आहे. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की काम टाकून आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच निघणारे याच अर्ध्या तासात सापडतात. मोकळ्या रानात अडकलात तर पाय जुळवून, डोकं गुडघ्यांत घालून उकिडवे बसा. आडवे पडू नका, एकमेकांना धरून बसू नका. ज्याच्यावर वीज पडली त्याच्या अंगात प्रवाह उरत नाही. त्याला लगेच हात लावा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरानं दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला लावा. शेणात पुरणं, कांदा हुंगवणं यात जाणारी मिनिटं परत मिळत नाहीत.

आता घरातला साठा. माणशी दिवसाला तीन लिटर पिण्याचं पाणी धरून तीन दिवसांचा हिशेब करा: पाच माणसांना पंचेचाळीस लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन जार आणि एक भरलेली कळशी. वापरायचं पाणी वेगळं. वीज गेली की बोअरही बंद आणि गावची योजनाही बंद, म्हणून आभाळ भरताच टाकी भरून घ्यायची सवय लावा. पुरानंतर विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका; आशाताईंकडून क्लोरीनचं द्रावण मिळालं तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच टाका. खाण्याची चिंता मला फारशी वाटत नाही. भाजके शेंगदाणे, गूळ, फुटाणे, मुरमुरे आणि नागलीचं पीठ आपल्या घरांत असतंच. ते एका घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळं काढलं की झालं. जुलाबांसाठी साखरमिठाचं पाणी सगळ्यांना येऊ द्या: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा लहान चमचा धरा, भाजीचा नव्हे.

औषधं मात्र नीट बघा. घरात कुणाला रक्तदाबाच्या, साखरेच्या, दम्याच्या रोजच्या गोळ्या असतील तर पंधरा दिवस पुरतील एवढ्या नेहमी शिल्लक असाव्यात. पावसाळ्यात नाशिकचा रस्ता एखाद्या दिवशी बंद होऊ शकतो, आणि नवरात्रात सप्तशृंग गडाच्या पायथ्याशी, नांदुरीकडं, यात्रेची गर्दी असते तेव्हा रुग्ण हलवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणार, हे गृहीत धरून चाला. गरोदर बाई असेल तर तारखेच्या काही दिवस आधीच तिला सोयीच्या ठिकाणी नेलेलं बरं. घाटाबद्दल घरात एक नियम असावा: मुसळधार पावसात किंवा दाट धुक्यात गडावर जायचं नाही, सापुताऱ्याकडंही नाही. जुलै २०२२ मध्ये गडावरच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा आला आणि भाविक जखमी झाले. १२ जुलै २०२३ ला गडावरून उतरणारी एसटी दरीत कोसळली आणि एका महिलेचा जीव गेला. देवी दुसऱ्या दिवशीही तिथंच असते.

सापासाठी तयारी म्हणजे पलंग, मच्छरदाणी आणि बॅटरी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखतही नाही, नीटशी खूणही दिसत नाही. लाकडं, गोवऱ्या, कांद्याची रिकामी पोती घराच्या भिंतीला लावून रचू नका. चावल्यास बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. चिरा देणं नको, चोखणं नको, करकचून आवळणं नको, देवऋषीही नको. निघतानाच रुग्णालयात फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन शिल्लक आहे का ते विचारा, म्हणजे नसेल तर वेळ न घालवता पुढं जाता येईल.

डोंगरउतारावरच्या किंवा नाल्याकाठच्या पाड्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. २०१४ च्या ३० जुलैला माळीण दरडीखाली गाडलं गेलं, २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडी. घरामागच्या उतारावर नवी भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, दरवाजे एकाएकी अडकू लागले, झऱ्याचं पाणी गढूळ झालं किंवा अचानक आटलं, तर पाऊस चालू असतानाच, उजेड आहे तोवर घर सोडा. कुणाकडं जायचं ते मे महिन्यातच ठरलेलं असावं. रात्री दोन वाजता ठरत नाही. धरणाच्या खालच्या अंगाला, उनंदा किंवा कादवाकाठी शेत असेल तर विसर्ग सोडण्याची सूचना कोण देतो, पोलीस पाटील की ग्रामपंचायतीचा माणूस, त्याचा नंबर घ्या. नदीतली मोटार काढायला पाणी चढल्यावर उतरायचं नाही, ती पावसाळ्याआधीच वर बसवायची.

हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, मोबाईलची बॅटरी संपल्यावर तेच कामाला येतात: ११२ पोलीस आणि कोणतीही तातडी, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १९०६ गॅसगळती, १९१२ वीज. त्याखाली शेजारचे दोन, वायरमन, सर्पमित्र, आणि गाडी असलेल्या एका माणसाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलेल आणि शाळेतल्या मुलाला कोण आणेल, तीही नावं तिथंच लिहा. मग एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून एकदा करून बघा: “जमीन हादरली” म्हटलं की मजबूत टेबलाखाली किंवा पलंगाखाली जाऊन डोकं झाकायचं, टेबलाचा किंवा पलंगाचा पाय धरून ठेवायचा, हादरा थांबल्यावर चप्पल घालून बाहेर मोकळ्या जागी. भिंतच मातीची आणि दार दोन पावलांवर असेल तर सरळ बाहेर. मुलं हसतील, हसू द्या, पण दोनदा करून घ्या.

शेवटचं काम कागदांचं. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, विम्याची पॉलिसी, जनावरांच्या बिल्ल्यांचे क्रमांक, या सगळ्यांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला लावा. फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाच्या मोबाईलवरही पाठवा. घराचे, चाळीचे, बागेचे चांगल्या अवस्थेतले फोटो आत्ताच तारखेसह काढून ठेवा. नुकसान झालंच तर आवरायला घेण्याआधी पुन्हा फोटो काढा आणि त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) व सहायक कृषी अधिकारी दोघांनाही कळवा. पिकाचा विमा असेल तर कळवण्याची मुदत थोड्या तासांची असते, ती पॉलिसीत आधीच वाचून ठेवा. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं तपासून शवविच्छेदन करेपर्यंत पुरू नका. वीज पडून माणूस गेला तर दुःखात कितीही नकोसं वाटलं तरी पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन होऊ द्या. त्याशिवाय वारसांना सरकारी मदत मिळत नाही. पंचनाम्यावर सही करण्याआधी क्षेत्र, गट नंबर आणि नुकसानीचा आकडा स्वतः वाचा, आणि त्याची एक प्रत मागून घ्या.