सुट्टीचा प्रवास आणि मोहोळची वाट

दिवाळीची वा उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईकडील असंख्य कुटुंबे मोटारीने निघतात. कोणी पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या दर्शनास, तर कोणी आपल्या गावी. सोलापूरच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले मोहोळ हा या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा होय. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ आणि आता ६५ म्हणून ओळखला जाणारा रस्ता येथून हैदराबादकडे जातो. पंढरपूरचा रस्ताही येथेच त्याला मिळतो. लांब पल्ल्याची वाहने, यात्रेकरूंच्या गाड्या आणि शेतमालाची वाहतूक या ठिकाणी एकत्र येते. म्हणूनच येथे विशेष सावधगिरी अगत्याची ठरते.

झोप : पहिला शत्रू

दिवसभर काम करून रात्री दहा-अकराला पुणे सोडणारा चालक मोहोळच्या परिसरात पोहोचतो तो उत्तररात्री दोन-तीनच्या सुमारास. शरीराला झोपेची ओढ सर्वांत अधिक असते ती नेमकी याच वेळी. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. तीन सेकंद डोळा लागला, तर ६६ मीटरपर्यंत वाहनावर कोणाचाही ताबा नसतो. चहा वा गाणी यांनी झोप लांबते, टळत नाही. सुरक्षित जागी वाहन थांबवून पंधरा-वीस मिनिटे डुलकी घेणे आणि शक्य तर पहाटेनंतरच निघणे, हाच खरा उपाय.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने व्यावसायिक चालकासाठी दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, असा दंडक घातला होता. घरची गाडी चालवणाऱ्यास असे सांगणारे कोणी नसते. ते काम शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाने करावे.

उसाचा हंगाम

दिवाळीच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसू लागतात. मागील दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात जवळ येईपर्यंत दिसत नाही. ताशी ८० च्या वेगात धोका ध्यानी येऊन वाहन पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही ५५ ते ६० मीटर अंतर लागते. दिव्यांच्या खालच्या झोतात मात्र त्याहून कमी अंतरापर्यंतचेच स्पष्ट दिसते. तेव्हा रात्री वेग कमी ठेवणे हा भित्रेपणा नव्हे, साधा हिशेब आहे. ट्रॉलीमालकांनीही लाल परावर्तक लावून आपल्या चालकाचे व इतरांचे प्राण जपावेत.

निघण्यापूर्वी

टायरमधील हवा वाहन थंड असतानाच तपासावी. हवा कमी असलेला टायर उन्हाळ्यात अधिक तापून फुटण्याचा संभव असतो. जादा चाक, दिवे आणि ब्रेक पाहून घ्यावेत. मागील आसनावरील प्रवाशांनीही पट्टा बांधावा. धडक बसताच मागचा मोकळा प्रवासी पुढच्यावर आदळतो. लहान मुलाला पुढच्या आसनावर मांडीत घेऊन बसणे म्हणजे माया नव्हे, अविचार होय.

अपघात घडल्यास

१०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस आणि १०३३ वर राष्ट्रीय महामार्गाची मदत मागवता येते. जखमीसाठी पहिला तास मोलाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे. त्यामुळे पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने कोणीही पाठ फिरवू नये.

गावी वाट पाहणाऱ्यांना पाहुणे दोन तास उशिरा आले तरी चालतात. ते सुखरूप यावेत, एवढीच त्यांची अपेक्षा असते.