जड स्टेअरिंग : आधी दोष शोधा, मग पाना लावा

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी मे महिन्यात अँबेसेडरचेही. पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. तरीही या गाड्या कोल्हापूरच्या गॅरेजांत येतच असतात. कोणाची वडिलांची आठवण असते, कोणाचा धंदाच तिच्यावर चाललेला असतो. दोघेही पैसे मोजूनच देतात. अशा गाडीची एक नेहमीची तक्रार म्हणजे, "उस्ताद, स्टेअरिंग फार जड झालंय, पन्हाळ्याच्या वळणावर हात भरून येतात."

यावर पुष्कळ ठिकाणी ठरलेले उत्तर मिळते. रॅक गेला, नाही तर बॉक्स गेला, बदलावा लागेल. गिऱ्हाईक सामान आणून देते, काम होते आणि स्टेअरिंग होते तसेच जड राहते. मग तोंड दाखवायला जागा उरत नाही. आमचा अनुभव असा की जड स्टेअरिंगचा दोष बॉक्समध्ये असण्यापेक्षा चाकाकडच्या सांध्यांत असण्याचा संभव जास्त. म्हणून शोध चाकापासून वर न्यावा आणि बॉक्स सर्वांत शेवटी उघडावा.

प्रथम गिऱ्हाइकाला विचारावे. जडपणा हळूहळू वाढला की एका दिवसात आला? नवे टायर घातल्यानंतर आला का? गाडी उभी असतानाच जड लागते की चालतानाही? वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होते का? या चार प्रश्नांनी निम्मे काम होते. हौसेने रुंद टायर घातलेली गाडी उभ्या उभ्या जड लागणारच, त्यात सांध्यांचा दोष नाही. पुढच्या टायरची हवाही गेजने मोजावी, हाताने दाबून अंदाज करू नये. हवा कमी असल्यामुळे जड झालेली गाडी रॅक बदलायला आलेली आम्ही पाहिली आहे.

हवा ठीक असेल तर पुढची दोन्ही चाके जॅकने उचलून गाडी घोडीवर ठेवावी. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये, हे नवशिक्या मुलांना रोज सांगावे लागते. आता स्टेअरिंग फिरवून पाहावे. जमिनीवर जड आणि हवेत हलके असेल, तर वजन पडल्यावर अडणारी जागा शोधावी: टायर, अलाइनमेंट, किंगपिनचे थ्रस्ट बेअरिंग, किंवा मारुतीसारख्या गाडीत स्ट्रटच्या डोक्यावरचे बेअरिंग. या शेवटच्या बेअरिंगची खूण सोपी आहे. चाके जमिनीवर असताना एकाने स्टेअरिंग फिरवावे, दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवावा. स्प्रिंग अडकून एकदम झटका देत असेल तर बेअरिंग धरले आहे.

चाके हवेत असूनही जड असेल तर दोन्ही टाय रॉड एंड सोडवावेत. स्प्लिट पिन काढून नट ढिला करावा, पण चार आटे राहू द्यावेत. हातोडा बोल्टच्या डोक्यावर न मारता आर्मच्या डोळ्याला बाजूने मारावा, म्हणजे आटे खराब होत नाहीत. सुटल्यावर गाडीचे तीन भाग होतात: डावे चाक, उजवे चाक आणि स्टेअरिंग. प्रत्येक भाग वेगळा फिरवून पाहावा. जो अडेल तो गुन्हेगार, बाकीच्यांना हात लावण्याचे कारण नाही. स्टेअरिंगचाच भाग अडला तर खालचा जॉइंट सोडवून कॉलम वेगळा आणि रॅक वेगळा फिरवावा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, ते वाचकांच्या लक्षात असेल. त्या पाण्यात उभी राहिलेली एक मारुती ८०० काही महिन्यांनी आमच्याकडे आली. एके ठिकाणी रॅक बदलण्याचा सल्ला मिळाला होता आणि मालकाने पैशांची जुळवाजुळवही केली होती. टाय रॉड सोडवून पाहिले तर दोन्ही चाके हलकी. स्टेअरिंग मात्र एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलके व्हायचे. ही खूण युनिव्हर्सल जॉइंटची. कॉलमच्या तळाचा जॉइंट एका अंगाने गंजून धरला होता, रॅक ठणठणीत होता. असा जॉइंट रॉकेल-तेल घालून सैल करून परत देऊ नये, बदलावाच. आज सैल झालेला जॉइंट घाटात पुन्हा धरला तर वळण पुरे होणार नाही. काढण्याआधी जॉइंटवर आणि शाफ्टवर खूण करावी, नाही तर स्टेअरिंग वाकडे बसते. पुरातली गाडी असेल तर रॅकचे रबरी बूटही उघडून पाहावेत. आत पाणी किंवा लाल गंज दिसला तर मात्र रॅकचा खर्च खरा.

आता किंगपिनविषयी. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्या आणि जुने टेंपो यांचा जडपणा बहुधा येथेच असतो, आणि आपल्या टर्नर बंधूंचा संबंधही येथेच येतो. ग्रीस गन लावूनही जुने ग्रीस बाहेर येत नसेल तर निपल बंद आहे. ते बदलावे, आतले भोक तारेने साफ करावे. ग्रीस भरताना चाक उचललेले असावे आणि मधूनमधून दोन्ही बाजूंना फिरवावे. चाक जमिनीवर असताना पिन एका अंगाने बुशवर दाबून बसलेली असते आणि जेथे घासते नेमके तेथेच ग्रीस पोहोचत नाही. महिन्या-महिन्याला ग्रीस मारूनही पिन खाल्ली जाते, ती यामुळेच.

पिन आणि बुश बदलल्यावर गाडी पहिल्यापेक्षा जड झाली, अशीही तक्रार येते. बुश ठोकून बसवला की तो आत आवळतो, म्हणून बसवल्यावर रीमर मारावाच लागतो. वरचा आणि खालचा बुश वेगवेगळा रीम केला तर दोन्ही भोके एका रेषेत येत नाहीत, पिन तिरकी धरते. लांब रीमर दोन्हीतून एकाच वेळी न्यावा. पिन अंगठ्याच्या दाबाने उतरली पाहिजे, हातोड्याने नव्हे, आणि डुगडुगताही कामा नये. बुशचे ग्रीसचे भोक निपलच्या भोकासमोर आले की नाही, हे ठोकण्याआधी पाहावे. नंतर पाहून उपयोग नाही. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कामावर हात बसलेल्या कारागिरांना हे मोजमाप अवघड नाही. घाईत रीमर टाळला जातो, एवढेच.

बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू हा आणखी एक मोह. प्ले काढायचा म्हणून तो आवळतात. पण वर्म झिजतो तो मधल्या भागात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले पूर्ण काढला की दोन्ही टोकांना स्टेअरिंग आवळते आणि वळणानंतर परत येत नाही. जड स्टेअरिंगपेक्षा परत न येणारे स्टेअरिंग जास्त धोक्याचे आहे. अशी गाडी आली तर स्क्रू थोडा सोडून पाहावा, तेलाची पातळी पाहावी, आणि वर्म फारच झिजला असेल तर तसे मालकाला स्पष्ट सांगावे.

पॉवर स्टेअरिंगच्या गाड्याही आता जुन्या होऊन येऊ लागल्या आहेत. हायड्रॉलिक असेल तर पट्टा आणि तेल आधी पाहावे. वळवताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर बहुधा पट्टा घसरतो आहे. इलेक्ट्रिक असेल आणि दिवा लागत असेल तर बॅटरीचे व्होल्टेज मोजल्याशिवाय मोटरला हात लावू नये.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी, सगळे सांधे दुरुस्त झाल्यावर. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट दुसऱ्या खड्ड्यात बिघडते. काढलेली प्रत्येक स्प्लिट पिन नवी घालावी, जुनी सरळ करून वापरू नये. मग मोकळ्या रस्त्यावर सावकाश वळण घेऊन पकड सैल करावी, हात स्टेअरिंगजवळच ठेवावेत आणि ते स्वतःहून सरळ होते का पाहावे. शक्य तर मालकाला शेजारी बसवावे आणि काढलेला जुना भाग त्याच्या हातात द्यावा.